सागवानी उंबरठा

उरणला कामावर निघताना जितेंद्र रोज बायकोचे केस मुठीत धरून तोच दम भरायचा, "मी नसताना उंबरठा ओलांडलास तर तंगडं मोडीन!" परवा हेमांगी नुसती खाली भाजी आणायला गेली, तर त्याने तिच्या पाठीत पोळपाट हाणला. आणि खरं सांगायचं तर सानपाड्याच्या त्या फ्लॅटला उंबरठाच नव्हता. दारात नुसती सपाट फरशी.

आज तो गेल्यावर तिने सुताराला बोलावलं. त्याने ड्रिलने फरशीखालच्या काँक्रीटपर्यंत भोकं पाडली, त्यांत गिट्ट्या ठोकल्या आणि जाडजूड सागवानी उंबरठा स्क्रूने असा आवळला, की हत्तीने लाथ घातली तरी हलू नये.

"वहिनी, येवढा उंच कशाला? ठेच लागेल ना कोनाला तरी."

"असू दे. घराला उंबरठा आहे, हे कळायला नको?" म्हणत तिने त्यावर हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडायला उशीर झाला म्हणून जितेंद्र शिव्या हासडत, हात उगारून, नेहमीसारखा तिच्या अंगावर धावून आला. खाली बघायची त्याला सवयच नव्हती. नडगी सागवानावर आदळली, काडकन आवाज झाला आणि तो गुरासारखा ओरडत हॉलमध्ये कोसळला.

हेमांगीने दुपारीच भरून ठेवलेली आपली बॅग उचलली, साडी जरा वर धरून उंबरठा जपून ओलांडला आणि मागे वळून म्हणाली,

"अहो, तुम्हीच रोज सांगायचात ना, उंबरठा ओलांडला की तंगडं मोडतं म्हणून?"