चार बोटं खाली

तीर्थश्राद्धाला येणारे माझे यजमान सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांना स्टेशनवरून घाटावर आणायला मी घेतली ती ही उंच जीप! परवा साताऱ्याच्या एका काकूंना आत चढवायला दोन हमाल लागले. काकू हसत होत्या, मला मात्र लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जीप रामजनमच्या गॅरेजमध्ये नेली. "भैया, सस्पेन्शन चार उँगली नीचे कर दो." "स्प्रिंग आप ले आए हैं, तो बस मजूरी लगेगी, गुरुजी. तीन हजार." मी उसळलोच. चार बोल्ट सोडायचे नि आवळायचे, त्याचे तीन हजार? दोनच्या वर एक रुपया देणार नाही, असं बजावलं. रामजनम हात पुसत हसला. "दुकान खुलने की पूजा आप ही ने की थी. हमने दक्षिणा पूछी, तो आप बोले, जो श्रद्धा हो. हमारा भी वही." झालं! आता घासाघीस कुणाशी करणार? तो दुपारभर गाडीखाली उताणा पडून घाम गाळत होता आणि मी स्टुलावर बसून मनातला आकडा वाढवत होतो. संध्याकाळी घरी आलो. बायकोने विचारलं, "किती मागितले त्याने?" "तीन हजार." "आणि तुम्ही दिले किती?" "चार." "मागितल्याहून जास्त?" "अगं, चाळीस वर्षं मी लोकांना 'यथाशक्ती द्या' म्हणत आलो," मी म्हणालो. "ऐकणाऱ्याचं काय होतं, ते आज कळलं."