दोन कर्सर

आठ वर्षं कोड लिहीत होती ती, पण असं कधी पाहिलं नव्हतं. सकाळपासून तिच्या एडिटरमध्ये एकाऐवजी दोन कर्सर लुकलुकत होते, आणि तेही भलत्याच घाईनं. निम्मी निम्मी करत तिनं सगळी प्लगइन बंद केली. मग सेटिंगमधलं लुकलुकणंच बंद केलं. तरी त्यांचं आपलं चालूच.

शेजारी मास्तर बसायचे. अख्ख्या ऑफिसचे एडिटर तेच ताळ्यावर आणत. "एस्केप दाब, दुसरा जाईल," ते म्हणाले.

तिचं बोट बटणावर टेकलं. पण का कोण जाणे, दाबवेना.

"राहू दे, मी बघतो. तू नीघ, तिसऱ्या महिन्याची तपासणी आहे ना?"

सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "अगं, दोन आहेत! ठोके दिसतात?"

दिसत होते. तीच घाई, तीच लय, दुसरा किंचित मागे. तिनं पडल्या पडल्याच फोन लावला. "मास्तर, एस्केपला हात लावू नका!"

"नाही लावला," मास्तर कुजबुजले. "धीरच झाला नाही गं."

पडद्यावर दोघांतल्या एकानं टुणकन उडी मारली.

"अगं," फोनमधून आवाज आला, "एक आत्ताच वरच्या ओळीवर गेला."