मागच्या सीटचा दिवा

“परत लालच,” बाई म्हणाल्या. “यांना ऊब लागतच नाहीये हो, मेस्त्री.”

मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. गरम होणारी दोन जॅकेटं त्यांनीच या बाइकला जोडून दिली होती. एक गाडी चालवणाऱ्या बाईंचं, एक मागे बसणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचं. बॅटरीवरून वायरी ओढल्या, हँडलवर दोन बटणं बसवली. डावं पुढच्या सीटचं, उजवं मागच्या सीटचं. प्रत्येक बटणाशेजारी इवलासा दिवा. जॅकेट तापत असेपर्यंत लाल, आतलं अंग उबदार झालं की हिरवा. काम संपल्यावर मेस्त्रींनी दोन्ही जॅकेटं एकावर एक चढवली होती आणि दोन्ही दिवे हिरवे होईपर्यंत घामाघूम होऊन गॅरेजात उभे राहिले होते. समोरचा चहावाला हसून हसून बेजार झाला होता.

“आणि तुमचा दिवा?”

“माझा लगेच हिरवा होतो. माझं राहू द्या. मला कुठे थंडी वाजते?”

बाई खरंच काटक होत्या. बाहेर बोचरं वारं सुटलेलं, बोलताना मेस्त्रींच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि या उघड्या डोक्याने, हातमोज्यांशिवाय उभ्या. नवरा मात्र बाइकवरून उतरलाच नव्हता. हेल्मेटची काच आतून पांढरी झालेली, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. काम द्यायला आले तेव्हाही त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. निघताना तेवढी मेस्त्रींची बाही घट्ट धरली होती, आणि बाईंनी “चला” म्हटल्यावर सोडली होती. मेस्त्रींना ते मुळीच आवडलं नव्हतं.

“एवढं जायचंय कुठे?”

“घाटापलीकडे, माहेरी. सगळे केव्हाचे तिकडे जमलेत. हेच तेवढे राहिलेत.” बाईंचा आवाज ओला झाला. “पण यांना थंडी सोसत नाही. मी शब्द दिलाय, गारठवून नाही नेणार म्हणून. अर्ध्या घाटात दिव्याकडे बघते, तर तो लाल. मग माझा जीव राहत नाही. दर वेळी मागे फिरते.”

मेस्त्रींना गलबलून आलं. त्यांच्या घरी त्यांना सर्दी झाली तर ‘शिंका बाहेर जाऊन द्या’ एवढीच काय ती माया मिळायची.

त्यांनी नवऱ्याचं जॅकेट मागून घेतलं, थेट बॅटरीला लावलं, स्वतः घालून पाहिलं. झकास तापलं. वायरिंग बघायचा प्रश्नच नव्हता. ते त्यांनी स्वतः केलेलं होतं, आणि आपल्या हातचं काम परत येत नाही, हे ते गिऱ्हाइकांना ऊठसूट ऐकवत. मग त्यांनी दोघांना जॅकेटं घालून बाइकवर बसवलं, इंजिन चालू केलं आणि दिव्यांवर नजर ठेवून उभे राहिले.

डावा दिवा हिरवा झाला. उजवा लालच राहिला.

बराच वेळ गेला. चहावाल्याने बाईंसाठी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. उजवा दिवा काही बदलेना. मेस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला. खुंटीला टांगलेलं जॅकेटसुद्धा एवढ्यात तापलं असतं. हे अंग ऊब नुसतं गिळत होतं. नवऱ्याच्या पाठीला हात लावून बघावा असं त्यांच्या मनात आलं, पण धीर झाला नाही.

“साहेब, तुम्ही जरा समोर चहा घ्या,” ते शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले. “ताई, तुम्ही गाडी आत घ्यायला हात लावा.”

नवरा उतरला. रस्ता ओलांडताना तो दोनदा वळून बघत होता. बाइक आत आली, बाई आत आल्या, आणि मेस्त्रींनी धाडकन शटर ओढून आतून कडी घातली.

“हे काय करताय?”

“ताई, माझं ऐका. बोलू नये, पण तुमचे यजमान आता माणसांतले नाहीत. जिवंत अंग ऊब धरतं हो. यांना मागे बसवून तो घाट चढू नका. मागच्या दाराने निघून जा, इथलं मी बघतो.”

तेवढ्यात शटर दणाणलं. “मेस्त्री! उघडा! बाहेर या, मेस्त्री!”

त्या माणसाचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी शटरला पाठ लावून धरली. जिवावर बेतलं तरी या बाईला त्याच्या हाती द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

बाई मुळीच घाबरल्या नाहीत. “फार भले आहात तुम्ही, दादा,” त्या म्हणाल्या. “पण एकदा वायर तरी बघा. माझ्या समाधानासाठी.”

त्यांची समजूत पटावी म्हणून मेस्त्रींनी सीट काढली. उजव्या दिव्याची वायर चिमटीत धरली आणि टाकीखालून बोट सरकवत नेलं. वायर मागच्या सीटपर्यंत जायला हवी होती. ती मध्येच वर वळली आणि पुढच्या सीटपाशी संपली. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांना आठवलं: बटणं जोडताना ते बाइकच्या पुढ्यात, हेडलाइटकडे तोंड करून बसले होते. त्यांची डावी बाजू ती गाडीची उजवी.

लाल दिवा पुढच्या सीटचा होता.

बाहेर तो माणूस दोन्ही हातांनी शटर बडवत आता रडत होता. बाई मेस्त्रींच्या खांद्यावरून वाकून वायरीकडे बघत होत्या, इतक्या जवळून की त्यांचा श्वास कानाला लागायला हवा होता.

“म्हणजे यांना ऊब मिळत होती तर!” त्या हरखून म्हणाल्या. “उघडा शटर, दादा. आता मागे फिरायला नको.”