सोडली का काढलं

मॅनेजरसाहेबांनी मन्मथला बसायला खुर्ची दिली. घाटनांदूरजवळच्या त्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्याचे कितीतरी हंगाम गेले होते. खुर्ची आजवर कधी मिळाली नव्हती. मागोमाग चहा आला, तोही कपबशीत. मन्मथनं कपाला हात लावला नाही.

"त्या शेतकरी बंकटला बाहेरच्या काट्यावर ऊस मोजून आण म्हणून तूच सांगितलंस?"

"व्हय. तिथलं वजन आन् आपलं वजन, लई फरक आला. आपल्याकडं कमी भरलं."

साहेब चिडले नाहीत. आवाज उलट आणखी मऊ झाला. "वरून निरोप आहे, तुला टर्मिनेट करा. मीच म्हटलं, पोरगं चांगलं आहे, रिझाइन घेऊ." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं.

"दोन्हीत नोकरी जातीच की, साहेब."

"फरक आहे बाबा. टर्मिनेट म्हणजे आम्ही काढलं. मग दुसऱ्या कारखान्यात तुला कोणी उभं करणार नाही. रिझाइन म्हणजे तू आपणहून सोडली. दाखला चांगला देतो."

घरी बायको, गंगासागर, पोटुशी होती. मन्मथनं पेन उचललं. तेवढ्यात साहेबांची नजर खिडकीतून फाटकाकडं गेलेली त्याला दिसली.

"आजच पायजे का?"

"आत्ताच. बाहेर शेतकरी अडून बसलेत."

"त्यांला काय सांगणार?"

"हेच, की काट्यावरचा माणूस सोडून गेला."

"म्हंजी खोट माणसात व्हती, काट्यात न्हाई."

साहेबांनी कपबशी त्याच्याकडं सरकवली. "चहा घे, निवतोय," म्हणाले.

मन्मथनं पेनाला टोपण लावलं. "टर्मिनेटच करा, साहेब. आन् कावून केलं ते बी लिहा."

फाटकाबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तो येताना दिसला तशी माणसं बोलायची थांबली. इतकी वर्षं आपला ऊस यानंच मोजला, हे कुणी विसरलं नव्हतं. कुणीतरी थुंकलं.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या बंकटनं त्याला खालीवर न्याहाळलं. "सोडली का काढलं बे?"

"काढलं."

बंकट मडगार्डवर थोडा सरकून बसला, त्याला जागा होईल इतका.