हिचा हात

“ही कुठे गेली?” सरांनी विचारलं.

ही त्यांच्या पलंगाच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिने ओ दिली नाही. सकाळपासून ओ देऊन देऊन तिचा घसा बसला होता. डावीकडेच बसा, म्हणजे कधीतरी मान वळवतील, असं डॉक्टरने बजावलं होतं. मान काही वळली नव्हती. मेंदूत रक्ताची गाठ अडकली त्या दिवसापासून सरांच्या जगाची डावी बाजूच उठून गेली होती. डावीकडचा चहा गार होई, ताटातली डावीकडची भाजी तशीच राही आणि डावीकडची बायको कुठेतरी गेलेली असे.

डॉक्टर आली आणि सवयीने उजवीकडे जाऊन उभी राहिली. ती सरांचीच विद्यार्थिनी. सरांनी जन्मभर मेडिकल कॉलेजात मेंदू शिकवला होता, आणि तोंडी परीक्षेत या विद्यार्थिनीला एकदा नापासही केलं होतं.

“सर, डाव्या हाताचा व्यायाम आजही केला नाहीत.”

“हाताला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे. त्या व्यायाम घेणाऱ्या पोराला सांग, दुसरे पेशंट बघ म्हणावं.”

डॉक्टर पलंगाला वळसा घालून बायकोकडे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काकू, असंच चाललं तर वॉर्डात ठेवता यायचं नाही. घरी न्यावं लागेल. ‘हा लुळा हात माझा आहे’ एवढं त्यांनी एकदा कबूल केलं ना, तरी पुढचं सगळं करता येईल.”

घरी नेणं म्हणजे काय ते बायकोला ठाऊक होतं. त्यांना कुशीवर वळवायचं तरी तिची कंबर धरायची. तिला रडायचाही कंटाळा आला होता.

“त्यांना मुठी करायला सांग,” ती म्हणाली. “तेव्हा तरी कळेल.”

डॉक्टरचा चेहरा जरा उजळला. सरांच्या मुठी कॉलेजात प्रसिद्ध होत्या. पहिल्या तासाला सर फळ्याकडे पाठ करून उभे राहत, अंगठे आत घालून दोन्ही मुठी वळत आणि एकमेकींना चिकटवून म्हणत, हा घ्या मेंदू. पोरं पाठीमागे त्यांना मुठाळकर म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

“सर, एकदा मुठी दाखवा ना. विसरले मी.”

“तू विसरणारच.” सर उशीवर जरा वर सरकले. उजवी मूठ वळून त्यांनी छातीसमोर धरली. डावा हात चादरीवर पडला होता तसाच पडून राहिला. “हं. या दोन मुठी. हा मेंदू. उजवी मूठ डाव्या अंगाचा कारभार बघते, डावी उजव्या अंगाचा. आता उजवीकडे इथे, मागच्या बाजूला, रक्त पोचलं नाही तर काय होईल?”

“तुम्हीच सांगा.”

“पेशंटला डावीकडचं जग उरत नाही. आंधळा नसतो, पण बघत नाही. अर्धीच दाढी करतो. स्वतःचा हात दाखवला तरी म्हणतो, माझा नाही. आणि वाद घालू नकोस त्याच्याशी. तो खोटं बोलत नसतो.”

एक शब्द चुकला नाही. डॉक्टरने मान खाली घातली. एकटी मूठ हवेत तशीच होती.

बायको उठली. तिने नवऱ्याचा डावा हात दोन्ही हातांनी उचलला, बोटं एकेक करून मिटली आणि ती मूठ अलगद उजव्या मुठीला नेऊन चिकटवली. अगदी त्यांच्या नजरेसमोर.

“आता बघा. हा हात कुणाचा?”

सरांनी निरखून पाहिलं. “हिचा,” ते डॉक्टरला म्हणाले.

“आणि या बोटातली अंगठी?” बायकोचा आवाज चढला. “अंगठी कुणाची आहे?”

“अंगठी माझी.” त्यांनी उजव्या हाताने ती फिरवून पाहिली. बोटात ती सैल गरगरली. त्यांचा चेहरा उतरला. “माझी अंगठी घालून बसलीये. आणि बघ कशी ढिली होतेय. किती वाळलीस गं. जेवतेस का काही?”

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मुलांनी नाही, डॉक्टरांनी नाही. तिला एकदम भरून आलं आणि स्वतःचाच राग आला, कारण उत्तर चुकलं होतं. आता घरी न्यावंच लागणार होतं.

डॉक्टर काही बोलणार तोच बायकोने मानेनेच नको म्हटलं. तिने त्या दोन हातांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “फार दुखतोय हो माझा हात. बोटं धरलीयेत. जरा मोकळी करून द्याल?”

“मग आधी सांगायचंस ना.”

त्यांनी ती मूठ आपल्या मांडीवर घेतली. करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट उलगडून सरळ करायचं, हलकेच मागे न्यायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. व्यायाम घेणारा पोरगा रोज हेच करा म्हणून विनवत होता.

“दुखलं तर सांग हं,” सर त्या हाताला म्हणाले.

“सांगते,” डावीकडून बायको म्हणाली आणि खुर्चीत टेकली.