दरीतल्या शेंदरी खुणा

लाल खडकांच्या दरीत भुपेंद्र बायको रुचीला आणि आई देवकाबाईंना घेऊन पहिल्यांदाच उतरला होता. परतताना वाट चुकू नये म्हणून प्रत्येक वळणावर तो एका लहानशा गोट्याला शेंदरी रंग फासून ठेवत पुढे चालला. सगळ्यांच्या मागून देवकाबाई नाम घेत, अनवाणी येत होत्या.

उन्हं कलली, मंडळी परत फिरली, तर एकही खूण दिसेना. रुची रडकुंडीला आली.

"माय, तू मागं होतीस ना? गोटे कोनं नेले वो?" भुपेंद्रनं विचारलं.

"गोटे कायले कोन नेईन बाप्पा? शेंदूर लावलेले देव पायदळी पडून होते, ते सारे म्या पिशवीत घेतले."

भुपेंद्र मटकन खाली बसला.

"भेऊ नको रे, आता तेच वाट दाखवतीन!"