आकाश वाळेपर्यंत

“आकाश आहे ते, भिंत नव्हे. चुना फासल्यासारखा काय हात मारतेस?” बाबा म्हणाले.

“मग तुम्ही मारा,” सरावाचा कागद बाजूला सारत लेक म्हणाली.

“माझा हात आकाशात भूकंप आणेल.” स्वतःच्याच विनोदावर ते हसले आणि मान खाली घालून पुन्हा रेघेकडे वळले.

रेघा अजून त्यांच्याच होत्या. पट्टीचा आधार असला की हात ऐकत असे. समोर दोन शतकांपूर्वीच्या एका नाट्यगृहाचा आराखडा होता. दर्शनी बाजूला उंच खांबांची रांग, त्यावर त्रिकोणी माथा, माथ्यावर तंतुवाद्य घेऊन बसलेली देवता. ते नाट्यगृह केव्हाच जळून गेलं होतं, उरला होता कागद. अशा जुन्या कागदांच्या हुबेहूब नकला हातानं काढून रंगवायच्या, हा बापलेकीचा धंदा. बाबांच्या हाताला कंप सुटल्यापासून रंग तिच्याकडे आले होते, टोमणे बाबांकडे राहिले होते.

“उद्या सकाळी खरं आकाश,” ते म्हणाले. “नीट झोप. जांभया देत आकाश होत नाही.”

जेवताना त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. तिला बरं वाटलं.

सकाळी तिनं फळी जराशी तिरकी लावली, निळसर करड्या पाण्यानं वाटी भरली. आकाश एका दमात उतरवावं लागतं. ओल्या रंगाची कड ब्रशनं वरून खाली ओढत न्यायची. मध्येच थांबलं तर कड तिथेच वाळते, आणि तिचा डाग जन्मात जात नाही. म्हणून या घरात रंग ओला असताना कोणी बोलत नसे. दाराची बेल वाजली तर वाजू द्यायची. कोणी चुकून तोंड उघडलंच, तर रंगवणाऱ्यानं डावा तळवा वर करायचा. थांब. नियम बाबांचाच. लहानपणी एकदा गुडघा फोडून घेऊन ती घरात आली होती, तेव्हाही त्या वर केलेल्या तळव्याकडे बघत, आकाश वाळेपर्यंत मुकाट उभी राहिली होती.

बाबा तिच्या मागे खुर्चीत बसले होते. ब्रश देवतेच्या डोक्यापर्यंत आला होता.

“चिमे,” ते म्हणाले.

तिनं डावा हात वर केला.

मग ते काही बोलले नाहीत. ब्रश माथ्याला वळसा घालून दोन्ही अंगांनी खाली उतरला आणि जमिनीच्या रेघेला टेकला. कडेला साचलेला थेंब तिनं टिपून घेतला, मागे सरकून पाहिलं. नितळ. इतकं नितळ आकाश तिला आजवर जमलं नव्हतं.

“हं, आता बोला,” म्हणत ती वळली.

“सुखानं गेला गं माझा भाऊ,” आत्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. “हूं नाही की चूं नाही. लेक समोर बसलेली, आणि चकार शब्द काढला नाही त्यानं.” ती शेजारी उभी राहून ऐके. दरवेळी तिचं तोंड उघडे आणि दरवेळी तसंच मिटे. लोकांना वाटे, हुंदका आवरतेय.

फ्रेमवाला चित्र न्यायला आला. उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. “शेवटपर्यंत हात कसा तो! कुठे डाग म्हणून नाही.”

“आकाश माझं आहे,” ती म्हणाली.

“मग तर बाबा समाधानानं गेले असतील.”

तिनं चित्र कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

जोडीतलं दुसरं चित्र राहिलं होतं, त्याच नाट्यगृहाची मागची बाजू. साधी भिंत, खिडक्या, सामान आत न्यायचं दार. रेघा बाबांनी पुऱ्या करून ठेवल्या होत्या.

“राहू दे गं,” आत्या म्हणाली. “कोणी तुला बोल लावणार नाही.”

“रेघा त्यांच्या आहेत, आत्या.”

आत्या मग तिच्या मागे येऊन बसली. नियम तिलाही ठाऊक होता, तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. ब्रश वरच्या कडेपासून निघाला. खोली इतकी शांत होती की कागदावरून सरकणारं पाणी ऐकू येत होतं. छप्पर अजून खाली होतं, तेवढ्यात ब्रश थांबला. तो उचललाही गेला नाही, पुढेही गेला नाही. ओल्या कडेची चमक हळूहळू मंद होत चालली.

“अगं, वाळतंय!” आत्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं घाबरून तोंडावर हात धरला.

“वाळू दे,” ती म्हणाली.

मग त्या रेघांकडे बघत, रंग ओला असताना या घरात कधी कोणी बोललं नव्हतं इतक्या मोठ्यानं म्हणाली, “बाबा, माझा हात खाली ओढून बोलायचं होतंत. एक आकाश बिघडलं असतं. एवढंच ना?”